मरोळचा घासूदादा

घासूदादा गाडीला हात लावण्याआधी गाडीच्या मालकाला जीभ लावायचा. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत त्याचं गॅरेज होतं आणि शेजारच्या कारखान्यात मी कारकून. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे पत्ते कुटायचे. मी दादाच्या दारात उभा राहून लोकांचे अपमान ऐकायचो. एकदा एक गृहस्थ नवीकोरी गाडी घेऊन आले. "पॉवर कमी वाटते हो." दादाने गाडीभोवती एक फेरी मारली आणि गृहस्थांच्या पोटावर नजर रोखली. "गाडी बरी असा. तुमी उतरा, पळतली."

पण पॉवर वाढवावी तर त्यानेच. मोठा कार्बोरेटर बसवायचा, सायलेन्सर कापायचा, मागची सीट उपटून फेकायची. खरा जीव मात्र हेड घासण्यात. हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण. ते खालून घासून पातळ केलं की आतली जागा आवळते आणि पेट्रोल जास्त जोराने भडकतं. त्यावरूनच त्याचं नाव पडलं. "इंजिनाक सुखात ठेवलास तर ता झोपता," तो म्हणायचा.

धाकट्या भावालाही, बाळूलाही, त्याने तसंच ठेवलं होतं. गिऱ्हाइकांसमोर त्याची ओळख करून द्यायची: "हो माझो भाव. आवशीन माझ्यानंतर उरलेल्या सामानातून केल्यान." गिऱ्हाइकं हसायची. बाळू पाना पुसत राहायचा. मीही हसायचो, विनोद चांगलाच होता.

मग घाटकोपरचा जयंतीभाई उपटला. त्याचंही गॅरेज, त्याचीही वाढवलेली गाडी. शर्यत ठरली रविवारी सकाळी, आरेच्या रस्त्यावर, गोरेगावच्या टोकापासून मरोळपर्यंत. पैजेत काय लावणार, असं विचारल्यावर दादा सगळ्या वसाहतीला ऐकू जाईल असा गरजला, "हरलंय तर जल्मात पानो हातात धरूचंय नाय!"

आदल्या दिवशी त्याने हेड आणखी एकदा घासलं. बाळू घरून कणकेचा गोळा घेऊन आला. कणीक पिस्टनवर थापायची, हेड बसवून इंजिन हाताने फिरवायचं आणि उघडून बघायचं. कणीक किती चेपली त्यावरून कळतं, वॉल्व आणि पिस्टन यांच्यात जागा उरली की नाही.

"दादा, एकदा बघूया ना रे. फार घासलंस."

दादाने गोळा हातात घेतला आणि आम्हा सगळ्यांसमोर धरला. "बघा! इंजिनात चपात्यो भाजतलो! जा, आवशीकडे जाऊन लाट मेल्या." आणि गोळा बाहेर कुत्र्याला टाकला. कुत्र्याने खाल्ला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

रविवारी दादाची गाडी अशी सुटली की जयंतीभाईने नुसता धूर पाहिला. अर्ध्या रस्त्यात वेग चढला आणि आतून आवाज आला, कुणी हातोड्याने तवा फोडावा तसा. वॉल्व पिस्टनवर आपटले होते. इंजिनाचा चुरा झाला. जयंतीभाई हॉर्न वाजवत पुढे निघून गेला. तो मनाचा मोठा निघाला. परत आला आणि म्हणाला, "जाने दो यार दादा, मस्करी थी."

"नाय," बाळू शांतपणे म्हणाला. "दादाचा शब्द आहे."

सोमवारी गॅरेजच्या दारात खुर्ची होती. "बस दादा. हात काळे नको करूस." चहा वेळेवर, पंखा अंगावर. दादा पुढे झुकला की बाळू गिऱ्हाइकांना मोठ्याने सांगायचा, "आमचा दादा शब्दाचा पक्का!" सगळे कौतुकाने माना हलवायचे आणि दादा परत मागे टेकायचा. इतका देखणा सूड मी पुन्हा पाहिला नाही.

शेवटी तो गावी जायला निघाला. एसटीपर्यंत मी त्याला माझ्या गाडीतून सोडलं. वाटेत इंजिन अडखळत होतं आणि प्रत्येक झटक्याला त्याचा चेहरा पिळवटत होता. बोरीवलीला गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं आणि पाना त्याच्यापुढे धरला.

"घे रे दादा. इथे कोण बघतंय?"

त्याने पान्याकडे पाहिलं, मग रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं. दोन्ही हात पाठीमागे धरले.

"नको," तो हळूच म्हणाला. "बाळू रागावतलो."