संचिताचा नंबर

निकाल लागला की चार दिवसांत तो फोन वाजायला लागायचा. कोपरला, पश्चिमेच्या बाजूला, तळमजल्यावरच्या दीड खोलीत वैशाली ब्लाउज शिवत असायची आणि मशीनच्या खणात, रिळांच्या डब्याशेजारी ठेवलेला संचिताचा फोन थरथरायचा. खणातल्या सुया त्याच्याबरोबर किणकिणायच्या.

"संचिता मॅडम आहेत का? अभिनंदन मॅडम! ॲडमिशनचं काय ठरलं?"

संचिता वैशालीची थोरली. तिने बारावी केली, सीईटी दिली आणि निकालाची वाट बघत असताना मे महिन्यात तापाने पडली. साधा ताप, साधा ताप म्हणता म्हणता गेली. निकाल तिच्या मागून आला. मार्क छान होते. वैशालीने मेसेज नवऱ्याला, चांगदेवला, वाचून दाखवला. तो "वा" म्हणाला.

क्लासवाले, कॉलेजवाले, ॲडमिशनचं मार्गदर्शन करणारे, या सगळ्यांकडे मुलांचे नंबर कुठून कुठून पोचतात कोणास ठाऊक. एकदा यादीत गेलेला नंबर निघत नाही. त्या पहिल्या जूनमध्ये फोन आला तेव्हा वैशाली कशीबशी म्हणाली, "ती नाहीये."

"कधी येतील मॅडम?" पलीकडच्या मुलीने विचारलं.

काय सांगायचं? तोंडातून आपोआप निघालं, "संध्याकाळी."

संध्याकाळी खरंच फोन आला. वैशालीने तो वाजू दिला. पण त्या दिवशी कितीतरी दिवसांनी कोणीतरी तिच्या मुलीची वाट बघत होतं, हे तिला रात्रभर जाणवत राहिलं. तिने तो नंबर बंद होऊ दिला नाही. रोज संध्याकाळी, भाताचा कुकर लावून झाला की ती फोन चार्जिंगला लावायची. चांगदेव नुसता बघायचा. त्याचंही एक होतंच. तो घोडबंदर रोडला बस चालवतो. तिथल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या गेटसमोरून जाताना संचिता एकदा त्याला म्हणालेली, "पप्पा, पुढच्या वर्षीपासून मला रोज इथे उतरवायचं हां." त्या स्टॉपवर आता चिटपाखरू नसलं तरी तो गाडी हळू करतो. मागचे प्रवासी ओरडतात, "ओ ड्रायव्हरसाहेब, झोप आली काय?"

पुढच्या जूनमध्ये फोन आला तेव्हा वैशाली म्हणाली, "हो, संचिताच बोलतेय."

ते इतकं सोपं निघालं की तिचीच तिला भीती वाटली. आवाज जरा पातळ केला की झालं. मग ती बोलत गेली. कॉम्प्युटरच हवंय. ठाण्यात हवंय. नाही, होस्टेल नको, मम्मी सोडणार नाही. पलीकडून भावना नावाची मुलगी बोलायची. ती हसून म्हणायची, "सगळ्यांच्या मम्मी अशाच असतात गं!" फोन ठेवल्यावर वैशाली पुन्हा मशीनवर बसायची आणि तिची टीप वाकडी जायची.

"हे काय गं वैशाली," शेजारची माया एकदा ब्लाउज उलटा करून म्हणाली, "बाही कुठे चाललीय? कल्याणला निघाली वाटतं!"

यंदा रत्नदीपची बारावी होती. संचिताच्या पाठचा. सीईटीची नोंदणी करायची होती तेव्हा त्याच्या फोनची स्क्रीन फुटलेली. वैशालीच म्हणाली, "ताईचा नंबर दे ना. तो कायम चालू असतो." त्याने तिच्याकडे एकदा बघितलं आणि नंबर टाकला.

निकाल लागला आणि खणातला फोन वाजला.

"रत्नदीप आहे का?"

"राँग नंबर," वैशाली म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं. आपण काय बोललो? पोटच्या मुलाचं नाव होतं ते. पण त्या फोनवर संचिताशिवाय दुसरं कोणी कसं येईल, एवढंच तिच्या मनात आलेलं. दुसऱ्या दिवशी परत कोणीतरी रत्नदीपला विचारलं. ती परत तेच म्हणाली.

पसंतीक्रम भरायच्या दिवशी रत्नदीपने पहिला नंबर चंद्रपूरच्या सरकारी कॉलेजला दिला. शाखा मायनिंग.

"खाणीत उतरणार तू?" वैशालीने विचारलं. "जमिनीच्या खाली?"

"लगेच नाही उतरवत मम्मी. आधी चार वर्षं शिकवतात."

"इथे घोडबंदरला कॉम्प्युटर आहे. पप्पांची बस दारात थांबते."

"मला माहितीय," तो म्हणाला. "पप्पांच्या बसला पण माहितीय."

चांगदेव जेवता जेवता थांबला. मग म्हणाला, "जाऊ दे त्याला. त्याला वाटतंय तर."

पहिल्याच यादीत चंद्रपूर लागलं. सीट हवी असेल तर वेबसाइटवर जाऊन स्वीकारायची होती, मुदत त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत. नाही स्वीकारली तर सीट हातची जाणार. रत्नदीप जेवून डोंबिवली पूर्वेला सायबरमध्ये गेला. जाताना म्हणाला, "ओटीपी ताईच्या फोनवर येईल. मी विचारीन तेव्हा सांग फक्त."

वैशालीने फोन खणातून काढून मशीनवर ठेवला. तेवढ्यात तो वाजला. भावना होती.

"हाय संचिता! अगं, घोडबंदरच्या कॉलेजात कॉम्प्युटरची एक सीट निघतेय. तू विचारलेलीस ना? या वेळी सोडू नकोस हां!"

"थांब हं," ती पातळ आवाजात म्हणाली, "मम्मीला विचारते." आणि ती खरंच वळली. स्वयंपाकाच्या ओट्याकडे, जिथे मम्मी असायला हवी होती तिथे, तिने बघितलं. ओट्यापाशी कोणी नव्हतं. कुकर तेवढा निवत होता.

तिने फोन ठेवला. लगेच मेसेज आला. सहा आकडे. आणि तिच्या स्वतःच्या फोनवर रत्नदीप.

"मम्मी, आला काय?"

ती आकड्यांकडे बघत होती. त्यांच्या मागे, फोनच्या स्क्रीनवर, संचिता उभी होती, कॉलेजच्या गॅदरिंगमधला, निळ्या ओढणीतला फोटो. आकडे तिच्या कपाळावर आलेले.

"नाही रे. नाही आला."

"परत पाठवायला लावतो. थांब."

परत आला. परत ती म्हणाली, नाही. तिसऱ्यांदा "नाही" ऐकल्यावर तो म्हणाला, "मी घरी येतो."

तो दारात आला तेव्हा चार वाजून गेलेले. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. त्याने चपलाही काढल्या नाहीत. मशीनवरचा फोन उचलला, मेसेज बघितले, एकाखाली एक. वैशाली मान खाली घालून बसली. ओरडेल, असं तिला वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मागच्या वर्षी," तो म्हणाला, "मी एकदा मित्राच्या फोनवरून ह्या नंबरवर कॉल केलेला. असाच. वाजतो का बघायला."

वैशालीने वर बघितलं.

"तू उचललास. बोललीस, हो, संचिता बोलतेय. मम्मी, सेम तिचा आवाज. मी कट केला. मग बाहेरच बसलो, खाडीकडे. घरी यायला भीती वाटत होती. वाटलं दार तीच उघडेल."

"मला बोलला नाहीस ते."

"काय बोलणार? मी पण नंतर दोनदा केला." तो खाली बसला, तिच्या पायांशी, जिथे कापडाचे तुकडे पडतात तिथे. "ह्या घरात ताईचं ॲडमिशन अजून चालू आहे मम्मी. दर वर्षी. ते संपल्याशिवाय माझं कसं सुरू होणार?"

बाहेर माया कुणाला तरी हाका मारत होती. वैशालीने त्याच्या केसांवरून हात फिरवला. केसांत दोऱ्याचा एक तुकडा अडकला, तो तिने काढला.

"पाच वाजायचेत अजून," ती म्हणाली. "लाव परत."

त्याच्या तडकलेल्या स्क्रीनवर त्याने वेबसाइट उघडली. गोल फिरत राहिलं, फिरत राहिलं. मग संचिताचा फोन थरथरला. वैशालीने तो हातात घेतला आणि एकेक आकडा वाचला, तिच्या स्वतःच्या, जाड आवाजात. तो टाकत गेला. मध्येच ती थांबली तेव्हा तो म्हणाला, "पुढचा, मम्मी," आणि तिने पुढचा सांगितला.

कल्याणहून गाडी होती. निघायच्या दिवशी वैशालीने डब्यात चटणी-भाकरी दिली आणि त्याच्या बॅगेच्या वरच्या कप्प्यात संचिताचा फोन ठेवला.

"अगं, हा कशाला?"

"कॉलेजात तुझा हाच नंबर आहे ना? तुझंच कायकाय येईल त्याच्यावर."

"आणि तिला विचारणारे?"

वैशालीने चेन ओढून घेतली. "त्यांना तू सांग. मला नाही जमलं."

ती संध्याकाळ चमत्कारिक गेली. कुकर लावला आणि हात चार्जरकडे गेला. वायर रिकामी लोंबत होती. चांगदेव ड्युटीवरून आला, बसला. "आज नाही हळू केली," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "केली. थोडीशी."

सकाळी ती मशीनवर बसली होती. खण उघडा होता, सुया गप्प होत्या. आणि तिचा स्वतःचा फोन वाजला.

तिने स्क्रीनकडे बघितलं. त्यावर नाव होतं, 'संचिता'.

इतक्या दिवसांत त्या नंबरवर किती जणांनी फोन केले होते. त्या नंबरवरून तिला मात्र एकही आला नव्हता. कोण आहे ते तिला ठाऊक होतं. गाडी पोचायची वेळ झालीच होती. तरी तिने मशीनचं चाक हाताने थांबवलं, टीप होती तिथेच सोडली, आणि ते नाव उजळतंय, विझतंय, उजळतंय, हे ती बघत राहिली. मग फोन कट होईल या भीतीने तिने पटकन उचलला.

"मम्मी," पलीकडून आवाज आला, "पोचलो."