बेहडाटोल्यात आमच्याआधी कोण येऊन गेलं?

आमच्या घरी ताप दरवर्षी यायचा. पाऊस उघडला की आधी माय पडायची, मग माझी लहान बहीण यमू, मग बाबा. दरेकसाच्या डोंगरात, स्टेशनपासून बरंच आत, जंगलात आमची चार घरांची वस्ती होती. आम्ही मूळचे तलाव बांधणारे. पाणी कुठे अडेल, बांधाची पाळ कुठून घालायची, हे आमच्या लोकांना नुसतं रान चालून कळायचं. पण शेती हातची गेली आणि बाबा बांबूतोडीच्या कामाला या डोंगरात आले. तेव्हापासून तलाव नाही, धान नाही. कोदोचं भरड धान्य खायचं, मोहफुलं वेचायची आणि ताप काढायचा. महायुद्ध सुरू झाल्यावर तर क्विनीनही दिसेनाशी झाली.

त्या भादव्यात माझा मोठा भाऊ, सोमादादा, तापातच गेला. मी तेव्हा घरी होतो. मी स्वतः खांदा दिला, नाल्याकाठी मातीही दिली. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढचं ऐकून लोक पहिला प्रश्न हाच विचारतात — नक्की मेला होता ना? नक्की मेला होता.

आता माझ्याबद्दल. मी बी.ए. आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेची पायरी चढलं नव्हतं, आणि हे सांगताना मला संकोच वाटत नाही, अभिमान वाटतो. दादा बांबू तोडायचा म्हणून मी नागपुरात शिकलो. लॉजिक हा माझा विषय. भूत, करणी, अंगात येणं, या गोष्टींवर मी आमच्या वस्तीच्या पुजाऱ्याशी तोंडावर वाद घातलेले आहेत, आणि प्रत्येक वेळी उठून जायचा तो, मी नाही. तेव्हा खालचा मजकूर भोळ्या माणसाने लिहिला असं कोणी समजू नये.

दिवाळीनंतर मला गोंदियाच्या एका शाळेत मास्तरची नोकरी लागली. त्याच सुमारास यमूला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तिच्या पोटाला हात लावला, पाणथरी, म्हणजे प्लीहा, केवढी वाढली ते मला दाखवलं आणि म्हणाले, "मास्टर, इस लड़की को अगली बारिश उस जंगल में मत निकालने देना."

म्हणजे पावसाच्या आत घर हलवायचं. पण कुठे? गोंदिया तेव्हा फुगत चाललं होतं. राईस मिल, बिडीचे कारखाने, चारी दिशांच्या गाड्या… एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडं.

"गोंदियात मी नाई येत," बाबा म्हणाले. "तेथं लोकं एकावर एक राहून राहिले. मले डोळ्यासमोर पाणी दिसलं पायजे."

"अन् मले दवाखाना दिसला पायजे," माय म्हणाली. "तुमचं पाणी पाहून पोरीचा ताप उतरते का?"

भांडण असं मिटलं की गोंदियाच्या जवळचं एखादं लहान गाव शोधायचं. मला सायकलने शाळा गाठता आली पाहिजे, यमूला बैलगाडीने दवाखाना, आणि बाबांना तलाव. शोधायचं काम अर्थातच शिकलेल्याकडे आलं.

दर रविवारी मी हेडमास्तरांची सायकल घेऊन निघायचो. दवनीवाडा मला फार आवडलं होतं. मोठं गाव, चांगलं धान. पण तिथे प्रत्येक जण एकच विचारायचा, "तुमचं येथं कोन हाये?" कोणी नव्हतं. मग रेल्वेलाईनीला लागून एका गावात पक्क्या भिंतींचं घर भाड्याने मिळत होतं. शेजारी विहीर, स्टेशन पायाशी. मी मनात तेच ठरवून टाकलं.

ते घर पाहून परत येताना ऊन चढलं, म्हणून पाण्यासाठी मी वाटेतल्या एका टोल्यावर, लहानशा वस्तीवर, थांबलो. बेहडाटोला. पंधरा-वीस कौलारू घरं आणि त्यांच्या वर एक जुना तलाव. पाळीवर एक पोवार शेतकरी बैल धुऊन आलेला उभा होता. पुढे आमचे शेजारी झालेले हेच ते तुळशीरामजी बिसेन. मला पाहिल्याबरोबर ते म्हणाले,

"आलेत का मास्तर? लय वाट पाह्याले लावली तुमी."

"आपण मला ओळखता?" मी विचारलं.

ते मोठ्याने हसले. "बरोबर! तुमचा भाऊ हेच बोलून गेला. चष्मेवाला येईल, सायकलीवर येईल, अन् तोंड उघडलं का पुस्तकासारखा बोलेल."

"कोणता भाऊ?"

"अरे, आता किती भाऊ हायेत तुमाले? उंच, सावळा. डावखुरा. माह्या बायकोनं पाणी देल्लं तं गडव्याले डावा हात लावलान. ते तं नाराजच झाली — हा कोनता मानूस, म्हणे, डाव्या हातानं पाणी घेते!"

"कधी आला होता?"

"मंडई होऊन गेली होती. धान चुरून झाले होते. दुपारचाच आलता असा, तुमच्यासारखा."

मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. दादा भादव्यात गेलेला. मी पाळीवरच बसलो. बिसेनांना वाटलं ऊन लागलं. त्यांनी पाणी आणवलं, मी प्यायलो, आणि मग ते म्हणाले, "चाला, जागा दाखवतो. तुमच्या भावानं ठोकलेल्या खुंटीले कोनी हात नाई लावला."

इथे आमच्या घरची रीत सांगावी लागेल. तलाव असो की घर, जागा नक्की केली की आमच्यात ईशान्येच्या कोपऱ्यात लाकडाची खुंटी ठोकतात आणि तिला पळसाच्या मुळीचा दोर बांधतात. त्याची एक गाठ आहे. ती आमच्या घरात बापाकडून थोरल्या मुलाकडे जाते. दुसऱ्या कोणाला शिकवत नाहीत. मलाही येत नाही.

तलावाखालच्या मोकळ्या जागेत, ईशान्येच्या कोपऱ्यात, खुंटी होती. दोर होता. गाठ होती.

माझं डोकं चालू होतं, हे मी सांगतो. मी बिसेनांना वकिलासारखं विचारलं. हा माणूस आधीच्या वर्षी आला नसेल? त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "मागच्या साली येथं माही तणसाची गंजी होती, मास्तर. जागाच दिसत नव्हती. यंदा हटवली." म्हणजे तेही नाही. आमच्या ओळखीच्या कोणी चेष्टा केली म्हणावं, तर मी त्या रस्त्याने येणार हे मलाच ठाऊक नव्हतं.

घरी मी फक्त बाबांना सांगितलं. पुढच्या रविवारी त्यांना घेऊन आलो. ते खुंटीपाशी उकिडवे बसले आणि गाठीवरून अंगठा फिरवला. मग डोळे मिटून पुन्हा फिरवला.

"तुमचीच गाठ आहे ना?" मी म्हटलं.

"माही नाई," बाबा म्हणाले. "माही उजवीकडे पडते. हे डावीकडे पडली. लहानपनी किती मारलं त्याले यासाठी… सुधारलाच नाई."



तरी मी माघार घेतली नाही. घरी आल्यावर मी रेल्वेलाईनीच्या गावाची बाजू मांडली. पक्कं घर, विहीर, गाडी. इथे तर सगळं मातीपासून उभारायचं.  उत्तर दिलं ते मायने. बाबांनी तिला आता सगळं सांगितलं होतं.

"त्याले मेल्यावर बी आपलीच फिकीर," ती म्हणाली, "अन् तू मले स्टेशन दाखवून राहिला."

यावर मी माझं लॉजिक गुंडाळून ठेवलं. बेहडाटोला ठरला.

बिसेनांच्या मध्यस्थीने गावच्या जमीनमालकाची, मालगुजाराची, परवानगी मिळाली. बाबांनी आणि मी भिंती घातल्या, टोल्यातल्या लोकांनी कौलं चढवायला हात लावला. मृगाच्या आधी घर उभं राहिलं. पण तेव्हा बाबांनी रीतीचा उरलेला भाग सांगितला. ज्याने खुंटी ठोकली, त्याने आधी आत जायचं. त्याच्याआधी कोणी उंबरा ओलांडायचा नाही.

"मग आता काय करायचं?" मी जरा चिडूनच विचारलं. यमू बैलगाडीतून आल्यापासून तापली होती. तिला सावलीत निजवायला हवं होतं.

"त्याले बोलवा," माय म्हणाली. जसं काही तो बैल सोडायला मागे थांबला होता.

भर दुपार. ऊन असं की सावली पायाखाली. आम्ही चौघं अंगणात, बिसेन आणि त्यांची बायको कुंपणापाशी. दाराची चौकट नवी, उघडी. यमू पायरीच्या कडेला भिंतीला टेकून बसलेली, मी दाराच्या दुसऱ्या बाजूला उभा. माय पुढे झाली. ती रडत नव्हती. रोजच्या आवाजात, जेवायला बोलवावं तसं म्हणाली,

"सोमा, चाल बा आत. ऊन लय झालं."

काहीच झालं नाही. पान हललं नाही, आवाज नाही, सावली नाही. मी खोटं लिहिणार नाही. मी यमूकडे पाहिलं. तिने पाय आखडून घेतले होते, कोणी पायरी चढत असलं की आपण घेतो तसे.

"यमू, काय झालं?" मी विचारलं.

"तूच तं सरकला, भाऊ," ती म्हणाली.

मी खाली पाहिलं. मी दारापाशी नव्हतो. मी दोन हात मागे, भिंतीला पाठ लावून, अंग चोरून उभा होतो. आत जाणाऱ्याला वाट दिली होती मी. केव्हा सरकलो, कोणासाठी सरकलो, मला माहीत नाही. मला सरकल्याचंच आठवत नाही.

बाबा म्हणाले, "आत गेला. चाला आता." आणि माय आत गेली.

यावर मी खूप विचार केला आहे. बिसेनांना पुन्हापुन्हा विचारलं, ते प्रत्येक वेळी तेच सांगतात, आणि आता वैतागतात. डॉक्टरांना सांगितलं, ते म्हणाले उन्हाने होतं. उन्हाने माणूस भिंतीला टेकेल, हे मी मान्य करतो. उन्हाने पळसाच्या मुळीला गाठ पडत नाही. माझ्याकडे उत्तर नाही, आणि शिकलेल्या माणसाने नसलेलं उत्तर असल्याचं सोंग करू नये.

एवढं मात्र झालं. त्या पावसात यमूला ताप आला नाही. पुढच्याही नाही. यंदा ती मराठी चौथी पास झाली, आमच्या घरातली शिकलेली पहिली मुलगी. बाबांनी तलावाखाली एक बोडी, म्हणजे शेतापुरतं लहान तळं, बांधली आहे, आणि तिच्या पाण्यावर आमचं स्वतःचं धान उभं आहे.