दादा नेमके कोण?

आमच्या घरात आपापल्या नात्याने हाक मारायची पद्धतच नव्हती. काका माझ्या वडिलांना दादा म्हणत, म्हणून मीही दादाच म्हणायची. आईला ते वहिनी म्हणत, म्हणून तीही माझी वहिनीच. आजोबा म्हणजे बाबा आणि आजी म्हणजे आई. आमच्या गावात, कोल्हारात, निम्म्या घरांत हीच तऱ्हा.

दादा मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठी होऊन वारले. पुढे मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी एक तरुण डॉक्टर घरी आले. हा आजार घराण्यात कसा उतरतो, याचा ते अभ्यास करत होते. मी बाळंतपणाला माहेरी आले होते. पोटातल्या जिवाला हे दुखणं येईल का, एवढंच मला विचारायचं होतं.

"बाबा आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"आहेत की, मळ्यात गेलेत."

"आणि आई?"

"देवळात. दोघंही ठणठणीत आहेत."

"दादांनाच कसं धरलं कोन जाने," काका म्हणाले. "लई हाल झाले."

डॉक्टरांनी कागदावर पुरुषांचे चौकोन आणि बायकांचे गोल काढले. दादांचा चौकोन काळा केला. "काळजी नको, ताई. आई-वडील धडधाकट आहेत. भावाच्या आजाराचा तुमच्या बाळाला धोका नाही."

भाऊ कुठला, हे विचारायचंही मला सुचलं नाही. आनंदाने रडूच आलं.

मग ते शेजारी बसलेल्या माझ्या आईकडे वळले. "वहिनी, तुम्हाला मुलं किती?"

"ही येकलीच," तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

डॉक्टरांची पेन्सिल थांबली. "या तुमच्या कोण?"

"आई," मी म्हणाले. जन्मात पहिल्यांदाच.

तिने दाराकडे पाहिलं. "आल्या व्हय आई देवळातनं?"

डॉक्टरांनी नवा कागद घेतला. आता काळ्या चौकोनातून रेघ थेट माझ्यावर आली. माझ्यात आजार असण्याची शक्यता निम्मी, असला तर बाळाला पुन्हा निम्मी. मग आजी-आजोबा ठणठणीत असताना दादांना कुठून आला, मी विचारलं. कधी कधी नव्यानेच सुरू होतो, डॉक्टर म्हणाले. मघाचा आनंद खोटा होता एवढंच कळलं, आणि त्या कागदाचा भयंकर राग आला.

"निम्मं म्हंजी? निम्मं दुखनं?" आईने विचारलं.

"नाही. आला तर पुरता, नाही तर मुळीच नाही. पण आज सांगता येणार नाही."

तिने कागदावरच्या माझ्या गोलावर बोट ठेवलं. "मालकांचं निम्मं हिच्यात. मंग बाकीचं निम्मं माजं हाय न्हवं?"

"हो."

"मंग माज्या वाटचं धडधाकट हाय. तेवडं तरी लिवा तिथं."

मी पुन्हा तिला आई म्हणाले. या वेळी तिने दाराकडे पाहिलं नाही.