नव्याण्णव सिनेमे, शेवट वजा

नव्याण्णव परदेशी सिनेमे पाहिलेला आणि त्यांतल्या एकाचाही शेवट ठाऊक नसलेला माणूस या भूतलावर गेल्या वर्षापर्यंत एकच होता, आणि तो नांदुऱ्यात राहतो. माझा साडू. आकडा अंदाजाचा नाही. नागपूरच्या महोत्सवात चार दिवस, रोज पाच सिनेमे, अशी पाच वर्षे. पहिल्या वर्षी गाडी उशिरा पोचल्यामुळे एक हुकला.

साडू एकतीस वर्षे जिनिंग कारखान्यात कापसाची प्रत ठरवत होते. फाटकासमोर गाड्यांची रांग लागते आणि मागे राहिलेल्याचा माल पाहीपर्यंत दिवस मावळतो, हे त्यांच्या हाडांत इतके मुरले आहे की महोत्सवातही सिनेमा संपायच्या दहा मिनिटे आधी ते उठतात आणि पुढच्या सिनेमाच्या दारात, आणि दिवसाचा शेवटचा सिनेमा असला तर जेवणाच्या रांगेत, पहिला नंबर लावतात. पडद्यावर नायिकेच्या कपाळाला पिस्तूल लागलेले असो, साडू पिशवी काखेत मारून "जरा पाय घ्या, दादा" करत निघालेले. एकदा मी म्हणालो, "अहो, निकाल तरी पाहा." तर म्हणाले, "साडभाऊ, मुठीत कापूस घेतला का समजते माल कसा हाय. सारी गाठ काऊन उकलाची?" सिनेमाची प्रतही ते तशीच ठरवतात. अंगठा आणि तर्जनीमध्ये न दिसणारा धागा ताणून म्हणतात, "लांब धाग्याचा हाय." म्हणजे माल उत्तम. तीन तासांच्या एका संथ सिनेमाबद्दल रांगेतल्या एका दाढीवाल्या गृहस्थांनी मत विचारले, तेव्हा म्हणाले, "वजन वाढवाले पाणी मारलं हाय." गृहस्थांनी ते वहीत लिहून घेतले.

पण खरा महोत्सव रात्री फोनवर होतो. साडूंची बायको म्हणजे माझी थोरली मेहुणी, आमच्या अक्का. त्यांना प्रवास झेपत नाही, म्हणून दिवसाच्या पाचही कथा साडू त्यांना सांगतात. पोलंडचा नायक नांदुऱ्याला पोचेपर्यंत गजू झालेला असतो. शेवट साडू स्वतःच बसवतात, आणि तो नेहमी एकच: सगळे घरी येतात आणि जेवायला बसतात.

या हिवाळ्यात अक्कांच्या हृदयाची झडप खराब निघाली. डॉक्टर ऑपरेशनची घाई करत होते आणि अक्का दोनदा नाही म्हणाल्या होत्या. "टेबलावरून उठलीच नाई तं?" एवढे एकच त्यांचे म्हणणे. महोत्सवाला साडूंना त्यांनीच पिटाळले. "माह्या तोंडाकडे पाहत बसता, त्यापरीस जा. सून हाय इथं. मले कहाण्या पाह्यजे."

तिसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या चांभाराचा सिनेमा होता. त्याच्या बायकोचे हृदयाचेच ऑपरेशन ठरलेले. दहा मिनिटे उरली तेव्हा मी सवयीने पाय बाजूला घेतले. साडू उठले नाहीत. शेवट पाहिला, शेवटची नावे सरकून दिवे लागले तरी बसून राहिले. बाई वाचली नाही. पुढच्या सिनेमाच्या रांगेत आमचा नंबर त्रेपन्नावा होता आणि साडूंनी धागा ताणला नाही.

रांगेतूनच फोन लावला. चांभाराची सारी कथा सांगून झाल्यावर साडू म्हणाले, "मंग ऑपरेशन झालं. बाई घरी आली, अन् त्याले म्हणते, दूध उतू जाऊन राह्यलं, ध्यान कुठं हाय तुमचं?"

अक्का हसल्या. मग म्हणाल्या, "याहीचं सोडा. भाऊजीले द्या." साडूंनी फोन माझ्या हातात दिला आणि ते माझ्या चपलांकडे पाहू लागले. "भाऊजी, तुमी तं पावणेआठले आठ म्हणत नाई. बाई खरंच घरी आली का?"

"आली," मी म्हणालो. "चालत आली."

"मंग सांगा डॉक्टरले," अक्का म्हणाल्या, "करून टाका म्हना."

आम्हाला अगदी पहिल्या रांगेत, कोपऱ्यात जागा मिळाली. माना वर करून बसलो. "चालत आली, हे बरं केलं तुमी," साडू म्हणाले. "मले सुचलं नसतं." त्या सिनेमात काय झाले ते आम्हा दोघांनाही सांगता येणार नाही.

ऑपरेशननंतर बाराव्या दिवशी अक्का दवाखान्यातून घरी आल्या. रिक्षातून उतरल्या, साडूंचा हात बाजूला सारला आणि फाटकापासून ओट्यापर्यंत चालत गेल्या. अठरा पावले. मी मोजत होतो; साडूंना काही दिसत नव्हते, ते चष्मा पुसत होते.