वाऱ्याच्या नावावर दोन सेकंद

मोरॅग डॅलझिएलने आयुष्याची अकरा वर्षं उलट्या तोंडाने प्रवास केला. वल्हेकऱ्यांचं असंच असतं; होडी जाते तिकडे पाठ, आणि सोडून आलो तिकडे तोंड. देशाच्या आठजणींच्या होडीत ती पाचव्या जागेवर बसायची. ती जागा बैलाची. ताकद लावायची, डोकं लावायचं नाही. त्यामुळे बरगडीला तिसऱ्यांदा चीर गेल्यावर तिने वल्हं खाली ठेवलं आणि दोन वर्षं अभ्यास करून ती खेळाडूंच्या मनाची प्रशिक्षक झाली, तेव्हा कारापिरो तलावाकाठच्या साऱ्या गावाला हसू आवरेना. बेकरीवाला म्हणाला, "म्हणजे आता दम दुसऱ्यांनी लावायचा आणि तू खुर्चीत बसून 'कसं वाटतंय' विचारायचं."

हसला नाही तो एकटा मर्व्ह. मर्व्ह तिचा जुना प्रशिक्षक, वय सत्तर, आणि हसणं त्याच्या दिनक्रमात बसत नव्हतं. त्याने तिला एक मोसम दिला, आणि होडीघराच्या मागची खोली. तिथे पूर्वी फाटकी जीवरक्षक जाकिटं ठेवत. मुलींची डोकी बघ, माझ्या होड्यांना हात लावू नकोस, एवढंच तो म्हणाला.

त्या मोसमात तेवीस वर्षांखालच्या मुलींची चौघींची होडी युरोपला जायची होती. तीन जागा ठरल्या होत्या. चौथीसाठी दोघी उरल्या, इमोजेन आणि हेनी. आणि शुक्रवारी सकाळी त्यांची जागेची शर्यत होती.

ही शर्यत ज्याने शोधून काढली त्याला माणसांची फार माया नसावी. चौघी-चौघींच्या दोन होड्या शेजारी-शेजारी पंधराशे मीटर पळवायच्या. मग भर तलावात त्या एकमेकींना चिकटवून दोघींनी जागांची अदलाबदल करायची, आणि पुन्हा तेवढंच अंतर. दोन खेपांत जो फरक पडेल तो त्या दोघींचा. बाकीच्या सहाजणींनी मात्र दोन्ही वेळा सारखाच जीव काढायचा, ही अट. ती कुठे लिहिलेली नाही, आणि कुणी पाळली नाही तर कळणंही कठीण.

गुरुवारी दुपारी हेनी मोरॅगच्या खोलीत आली. हातात आईने पार दक्षिण टोकाच्या ब्लफहून पाठवलेले चीज रोल. दक्षिणेकडच्या लोकांना वाटतं, उत्तरेत त्यांच्या मुलांची उपासमार होते. मोरॅगने एक उचलला. हेनी म्हणाली, आपल्याला हरायची भीती नाही. हे सगळेच म्हणतात, म्हणून मोरॅगने ठरल्याप्रमाणे मान हलवली.

"पण त्या सगळ्या इमोजेनच्या शाळेतल्या," हेनी म्हणाली. "आठ वर्षं एका होडीत. माझ्या खेपेला कुणी हात जरासा सैल सोडला तर? हरले तर मी हरले की मला हरवलं, हे मला जन्मात कळायचं नाही."

"तुझ्या हातात फक्त तुझं वल्हं आहे," मोरॅग म्हणाली. उत्तर अचूक होतं. अभ्यासक्रमात होतं.

"तुझ्या वेळी कुणी केलं होतं असं?"

"मी तरी पाहिलं नाही."

हेही खोटं नव्हतं. वल्हेकरी पुढच्या बाईची पाठ बघतो. स्वतःच्या हाताकडे बघत नाही.

हेनी गेली आणि मोरॅगने उरलेला चीज रोल कागदात गुंडाळून ठेवला. बारा वर्षांपूर्वी याच तलावावर कॅट आणि शोना यांच्यात अशीच शर्यत झाली होती. कॅट मोरॅगच्या खोलीत राहायची. दुसऱ्या खेपेला शोना मोरॅगच्या होडीत आली. मोरॅगने वल्हं वेळेवर पाण्यात घातलं, वेळेवर बाहेर काढलं, आणि मधल्या मध्ये नुसतं फिरवून आणलं. शंभरेक वेळा. शोना दोन सेकंदांनी हरली आणि तेविसाव्या वर्षी तिने वल्हं सोडलं. कॅटच्या लग्नात मोरॅग करवली होती.

शुक्रवारी तलावावर धुकं होतं. काळे हंसही आवाज करून मगच दिसत होते. धुकं उठेपर्यंत आठही मुली धक्क्यावर वल्ही धरून उभ्या होत्या आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. प्रू, पुढून वल्ह्याची लय ठरवणारी, बुटाच्या नाडीची गाठ तिसऱ्यांदा सोडून बांधत होती. हेनीचे ओठ पांढरे पडले होते. दहा पावलांवर मर्व्ह मोटरबोटीत पेट्रोल ओतत होता.

मोरॅगचं काम दोन मिनिटांचं: डोळे मिटा, लांब श्वास घ्या. तिने तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं.

"मी एकदा इथे एका मुलीला हरवलं. माझ्याच होडीत बसवून."

मग तिने सगळं सांगितलं. शोनाचं नाव, कॅटचं नाव, हात कुठे सैल सोडला तेही. पेट्रोलची धार थांबली. तिने मागे पाहिलं नाही.

"तुमच्यापैकी कुणाच्या मनात तसं असेल तर मला कळायचं नाही," ती शेवटी म्हणाली. "तुम्हाला कळेल. आणि ते जात नाही, एवढं मी स्वतः बघून सांगते."

 प्रूने नाडी बांधायचं थांबवलं.

मोरॅगला मर्व्हबरोबर मोटरबोटीतच बसावं लागलं. बोट छोटी, गुडघ्याला गुडघा लागत होता. त्याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पहिली खेप: इमोजेन आणि प्रू यांची होडी एक पूर्णांक एक दशांश सेकंदाने पुढे. मग अदलाबदल. हेनीने प्रूच्या होडीत पाय टाकला तेव्हा होडी डुगडुगली आणि मोरॅगने बोटीचा काठ घट्ट धरला.

दुसऱ्या खेपेला तिने मुलींकडे पाहिलंच नाही. वल्हं निघालं की पाण्यात भोवरा उरतो; ओढ खरी असेल तर खोल आणि काळा, लटकी असेल तर नुसता फेस. पाणी आरशासारखं होतं. ती एकेक भोवरा मोजत राहिली, एखादा फिका दिसतो का ते बघत. आठही काळे. शेवटच्या दोनशे मीटरलाही काळे. रेषा ओलांडली आणि प्रू काठावरून वाकून भडाभडा ओकली.

मर्व्हने घड्याळ डोळ्यांपुढे धरलं. पुढे प्रूचीच होडी होती, पण आता सात दशांशाने. म्हणजे चार दशांशांनी जागा इमोजेनची. त्याने भोंगा तोंडाला लावून आकडे सांगितले, फक्त आकडे.

हेनी वल्ह्यावर वाकून धापा टाकत होती. तिने मान वर केली. "प्रू, मी हरले ना? मला हरवलं नाही ना?"

प्रूने तोंड पुसलं. "बाई, माझं कालचं जेवण तरंगतंय बघ. आणखी काय पुरावा देऊ?"

हेनीला हसू आलं, आणि त्याच हसण्यात ती रडायला लागली. प्रूने मागे हात करून तिचा गुडघा धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मर्व्हने इंजिन बंद केलं. "ती शर्यत माझ्या वहीत आहे," तो तलावाकडे बघत म्हणाला. "दोन सेकंद कुठे गेले मला कळेना. त्या दिवशी वळणावर थोडा वारा होता. मी लिहिलं, ही पोरगी वाऱ्यात टिकत नाही. आणि तिला तसं सांगितलं."

मोरॅगने पहिल्यांदा त्याच्याकडे वळून पाहिलं.

"तीराऊ गावाच्या अलीकडे असते शोना. साडेतीनशे गाई. दूध काढून नऊला मोकळी होते."

"तुला कसं माहीत?"

"नाताळला कार्ड पाठवतो. तिचं कधी येत नाही." त्याने इंजिनाची दोरी हातात घेतली. "आधी तू जा. मी रविवारी जाईन. दोघं एकदम गेलो तर ती कुत्रा सोडेल. आणि दुपारी दोनला परत ये, हेनी तुझ्या खोलीत येईल. आज तिला तुझी गरज आहे, माझी नाही."

नऊ वाजून दहा मिनिटांनी मोरॅगने फाटकापाशी गाडी थांबवली. रबरी बूट घातलेली एक उंच बाई पाठमोरी उभी राहून पाइपने गोठ्याची फरशी धूत होती. ती पाठ मोरॅगला पाठ होती. त्या शर्यतीत पंधराशे मीटर तिच्याकडे बघतच काढले होते. मुलींना शिकवते तसा एक लांब श्वास तिने घेतला. तो अर्ध्यावरच अडकला. मग तसाच अडकलेला श्वास घेऊन तिने फाटकाची कडी काढली, आणि कडीचा आवाज ऐकून शोना वळली.