की ऑन कर, मी ऐकतो

आमचा अर्धा संसार जीपच्या बॉनेटखाली झाला.

माझा नवरा सुधीर आत वाकलेला, मी स्टीअरिंगवर. "जयू, की ऑन." इंजिन सुरू करायचं नाही, चावी फिरवून फक्त करंट द्यायचा. इंजिनातल्या डिझेल पंपावरचा छोटा सोलेनॉइड, म्हणजे करंटवर उघडणारा व्हॉल्व्ह, 'टक' वाजला की डिझेलची वाट उघडली. नाही वाजला तर बिघाड तिथेच शोधायचा.

सातपूरला त्याचं डिझेल गॅरेज होतं. टेस्ट लॅम्प खिशात असायचा, पण खरा भरवसा कानावर.

एका रविवारी आमची जुनी जीप काही केल्या सुरू होईना. लॅम्प पेटत होता, म्हणजे करंट येत होता. टक मात्र नाही.

सोलेनॉइड बदलला. तरी नाही. दुकानदाराला फोनवर चांगलंच सुनावलं, नवा मालही खराब देतोस म्हणून.

शेवटी वैतागून स्वतः चावीला बसला आणि मला पंपाशी उभं केलं.

टक.

"वाजला," मी म्हटलं.

त्याने परत चावी फिरवली. "आत्ता?"

"आत्ताही वाजला, सुधीर."

त्याने चावी बंद केली. मग म्हणाला, "म्हणजे पंप चांगला आहे."

डिझेलच्या लाइनमध्ये हवा धरली होती. ती काढली, जीप सुरू झाली.

संध्याकाळी म्हणाला, गॅरेज बंद करतो. बहिऱ्या मेकॅनिककडे गाडी कोण देणार?

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर गॅरेजला गेले. आणि जातच राहिले. तो चावीला, मी पंपाशी. वाजला की मी अंगठा दाखवायचे.

गिऱ्हाइकं चिडवायची, वहिनी, कॉन्व्हेंटमध्ये हेच शिकवलं का? तो विचारायचा, काय म्हणतात? मी सांगायचे, तुझ्या हाताला गुण आहे म्हणतात.

शेवटपर्यंत गॅरेज चाललं.

आज त्याला जाऊन वर्ष झालं, म्हणून तुम्ही सगळे जमलात. सकाळी लेकीने चावी फिरवली, मी पंपाशी वाकले.

आता सामानाचं सांगते.

टूलबॉक्स शेजारच्या गॅरेजवाल्या रफिकभाईंना. त्यांनी आमचं गिऱ्हाईक कधी पळवलं नाही.

टेस्ट लॅम्प लेकीला.

कानाचं मशीन कोरं आहे. कलकलतं म्हणून त्याने लावलंच नाही. ज्यांना कमी ऐकू येतं आणि ते कबूलही आहे, त्यांनी घेऊन जावं.

जीप सायखेड्याच्या भाऊजींना. भाऊजी, एकट्याने सुरू करू नका. जाऊबाईंना पंपाशी उभं करा.

सुधीर, आजही वाजला.