राणीच्या दरबारी दमयंतीकाकूंचा उखाणा

न्यूझीलंडमधल्या आमच्या रोटोटुनातल्या दमयंतीकाकू दामल्यांचं आणि इंग्लंडच्या राणीचं कधी वाकडं नव्हतं. राणी तिकडे राज्य करायची, काकू इकडे लेकाच्या किचनमध्ये. दोघींनाही कोणी उलटून बोलत नसे.

पण इथलीही राणी तीच, त्यामुळे इथलं नागरिकत्व घ्यायचं तर तिच्याशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावी लागे, आणि काकूंना ते फार हवं होतं. कारण ऑकलंडचा विमानतळ. नात ओवी पासपोर्ट यंत्रावर ठेवून भुर्रकन बाहेर, अन् काकू भारतीय पासपोर्ट घेऊन लांबलचक रांगेत. ओवी पलीकडून ओरडायची, "आजी, हरी अप!"

"हरीचं नाव घेऊन रांग हलत नाही गं!" काकू इकडून.

कुरकुर केली ती चंद्रहासकाकांनी. "माझे आजोबा बेचाळीसला इंग्रजांना 'चले जाव' म्हणाले, आणि आपण त्यांच्या मागे मागे इथवर आलो. वर आता दुसऱ्या बाईशी एकनिष्ठ राहायचं?"

"राहा खुशाल. तिलाही कळू दे."

खरी अडचण निराळीच होती. शपथेच्या सुरुवातीला 'मी', पुढे आपलं पूर्ण नाव. आणि पूर्ण नावाच्या मधोमध नवरा! लग्न झाल्यापासून काकूंनी काकांचं नाव उखाण्याशिवाय घेतलेलं नाही. दवाखान्यातसुद्धा नवऱ्याचं नाव विचारलं की त्या काकांकडे बोट दाखवतात.

"गर्दीत पुटपुट. कोण ऐकतंय?" मुलगा सुमेध म्हणाला.

"शपथ आहे ती. पुटपुटून राणीपर्यंत पोचेल का?"

समारंभात महापौर शपथेचा एकेक तुकडा सांगत होते, सगळे मागून म्हणत होते. नावाची पाळी आली. हॉलभर एकच गलका झाला आणि क्षणात थांबला. त्या शांततेत काकूंचा आवाज खणखणला:

"दमयंती...
राणीच्या राज्यात मेंढरांचा थाट,
चंद्रहासरावांचं नाव घेते, शपथ केलीय पाठ...
दामले!"

महापौरांना वाटलं, हे सगळं मिळून बाईंचं नाव. "ब्युटिफुल नेम," ते अदबीनं म्हणाले आणि पुढच्या ओळीकडे वळले. काका इतके लाजले, की एकनिष्ठेची ओळ त्यांनीच पुटपुटली. काकू मात्र ठणठणीत न्यूझीलंडच्या झाल्या.

सप्टेंबरात राणी गेली. काकू टीव्हीसमोर डोळे पुसत बसल्या होत्या. काका आतल्या खोलीत सरकारी खात्याला फोन लावून मोठ्या उमेदीनं विचारत होते, "आता राजा आला. शपथ परत घ्यावी लागणार ना? माझी नाही हो, माझ्या मिसेसची!"

लागणार नव्हती. राणीचे वारसही त्याच शपथेत येतात म्हणे. काका हिरमुसून बाहेर आले.

"नको म्हणतात."

काकूंनी पदरानं नाक पुसलं. "अहो, नाव ऐकायचंय तर सरळ मला सांगा की! फक्त तिचा तेरावा होऊ दे."